उशावरची भिंत नको
ती. बाबा आणि आईस,
सा. न. वि. वि.

बाबा, खोलीचा फोटो पाहिला. पलंगाच्या उशाशी, भिंतीवर नव्या एसीसाठी खडूने आखलेला चौकोनही दिसला. ‘गार हवा थेट अंगावर आली तरच पैसे वसूल’ हे तुमचं म्हणणं फोनवर ऐकून घेतलं, पण पटलं नाही.

एसीचं आतलं युनिट चांगलं 10-12 किलोंचं भरतं. ते झोपलेल्या माणसाच्या डोक्यावर कशाला टांगायचं? पाणी ठिबकलं तर गादीवर. आणि रात्रभर झोत मानेवर आला की सकाळी आईची मान आखडलीच म्हणून समजा. आई, तू तोंडातून ब्र काढणार नाहीस, शाल डोक्यावरून ओढून पडून राहशील. मला माहीत आहे.

त्यापेक्षा खिडकीशेजारची भिंत घ्या. ती बाहेरच्या बाजूची आहे, म्हणजे बाहेरच्या युनिटकडे जाणारी तांब्याची नळी आखूड राहील आणि झोत पायथ्याकडून आडवा जाईल. खिडकीच्या बरोबर वर मात्र नको, पडदा फडफडत बसतो. जमिनीपासून 7-8 फूट उंची ठीक. वर छतापर्यंत 15 सेंटिमीटर तरी मोकळे सोडा, कारण हवा वरूनच आत ओढली जाते. बीमला भोक पाडू देऊ नका. स्विचबोर्डाच्या सरळ वरही ड्रिल नको, भिंतीतली वायर बहुधा तिथूनच गेलेली असते.

आता एसीतलं पाणी बाहेर नेणारी नळी. आमच्याकडे फिटरने ती मध्येच वर उचलून खिळ्याला अडकवली होती. तिसऱ्या रात्री टपटप सुरू झाली, आणि खाली नेमका प्लगचा बोर्ड! त्यातून चरचर आवाज आला तशी अंधारात अनवाणीच मेन स्विचकडे धावले. म्हणून सांगते, नळीला शेवटपर्यंत उतार हवा, भिंतीतलं भोकही बाहेरच्या बाजूला किंचित उतरतं हवं. फिटर निघण्याआधी आतल्या ट्रेमध्ये तांब्याभर पाणी ओतायला लावा आणि ते बाहेर पडताना स्वतः बघा. तो ‘काही होत नाही काका’ म्हणेल. म्हणू दे.

वीज मेन बोर्डापासून वेगळ्या वायरीने घ्यायची, स्वतंत्र एमसीबी (भार वाढला की आपोआप पडणारा स्विच) आणि अर्थिंगसकट. बाबा, तुमचा तो लाडका एक्स्टेन्शन बोर्ड इथे चालणार नाही.

आणखी एक. एसीची जाळी दर पंधरा दिवसांनी धुवावी लागते. युनिटखाली कपाट आलं तर शिडी टेकायची कुठे? खालची जागा मोकळीच ठेवा. आणि शिडीवर तुम्ही चढायचं नाही, बाबा. ते काम कोणाकडून तरी करून घ्या, मी आले की मी करीन.

तो चौकोन पुसून टाका. नवा आखलात की फोटो पाठवा, मगच फिटरला बोलवा.

तुमची,
मनू