मामा, काच अजून शाबूत आहे

मामा, सप्रेम नमस्कार.

फोनवर आभार मानायला लागलं की तुम्ही "बरं बरं, ऱ्हाऊ दे" म्हणून ठेवून देता. म्हणून हे पत्र, तेही चार लोकांना वाचता येईल असं. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या आमच्या घरात गॅरेजच्या भिंतीला तुम्ही गवंडी म्हणून दार पाडून दिलंत, एवढंच बघणाऱ्याला दिसतं. ते कसं पाडलंत, हे मला सांगायचं आहे.

बाबांना पॅरालिसिस झाल्यापासून घराबाहेर पडायचं म्हणजे पुढच्या सहा पायऱ्यांवरून दोघांनी खुर्ची उचलायची. गॅरेजमधून मधल्या खोलीत दार निघालं तर एक फुटाचाच चढ उरत होता, आणि त्याला लागणारा बारा फुटांचा उतार गॅरेजात मावत होता. आधीच्या ठेकेदारानं "ब्रेकर लावतो, दोन दिवसांत चौकट बसवतो" असं, म्हणजे भिंत मशीननं फोडायचं, सांगून दिवसही ठरवला होता. तुम्ही आला होता नुसत्या प्लास्टरचं बघायला.

तुम्ही काही न बोलता आधी जिना चढून वर गेलात. वरच्या खोलीची भिंत पावलांनी मोजलीत, खाली येऊन तेवढीच पावलं टाकलीत आणि म्हणालात, "ताई, ही भिंत आडोशाची न्हाई, वझं घेऊन हुबी हाय." घरात एकही कॉलम नाही, भिंत नऊ इंची, दोन्हीकडचे स्लॅब तिच्यावर टेकलेले आणि वर तिच्याच रेषेत दुसरी भिंत. आम्ही चाळीस वर्षं त्या घरात राहतोय, पण हे कधी ध्यानात आलं नव्हतं.

इंजिनिअरच्या सहीचा कागद आल्याशिवाय छिन्नी लावणार नाही, हे तुम्ही निक्षून सांगितलंत. मॅडमनी हिशोब केला तेव्हा साडेतीन फुटांच्या दारावर साडेचार-पाच टन भार येतो असं निघालं. म्हणजे त्या गॅरेजात एक गाडी मावते आणि दाराच्या डोक्यावर चार गाड्यांचं वजन! मला दार अगदी कोपऱ्यात हवं होतं. तुम्ही आणि मॅडमनी ते दोन फूट आत घेतलं, कारण कोपऱ्यात दोन भिंती एकमेकींना धरून असतात आणि भूकंपात आधी तिथंच फाटतं. बाबांनी लगेच मान हलवली. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा ते लहान होते, पण भांडी वाजलेली त्यांना अजून आठवतात.

मग तुमचं काम सुरू झालं. भिंतीच्या दोन्ही बाजूंना स्लॅबखाली आडवे वासे, त्यांना जॅक, जॅकखाली जाड फळ्या. तुमच्या हाताखालचा पोरगा जॅक जोरात पिळायला लागला तेव्हा तुम्ही त्याचा हात धरलात: "नुसतं टेकव. स्लॅब उचलायचा न्हाई." ब्रेकर आणूच दिला नाहीत, हादऱ्यानं विटांमधला जुना माल सुटतो म्हणून. कटरनं आणि छिन्नीनं आधी एका अंगानं, दाराच्या जागेच्या वर, निम्म्या जाडीची खाच पाडलीत, उद्यमनगरातून आणलेला सहा इंची चॅनेल, म्हणजे भार पेलणारी लोखंडी तुळई, त्यात सरकवलात. दोन्हीकडं नऊ-नऊ इंच टेकण, खाली काँक्रीटची बैठक, वर लोखंडी पाचरी आणि कोरडसर माल ठासून भरलेला. आणि मग माल घट्ट होईपर्यंत थांबलात. "आता ह्याला निजू द्या," म्हणून जोतिबाच्या यात्रेला गेलात. परत आल्यावर दुसऱ्या अंगानं तसाच दुसरा चॅनेल, दोन्हींना आरपार बोल्ट, पुन्हा तितकेच दिवस. दाराच्या जागेतली एक वीटही तोवर हलली नव्हती. दोन्ही चॅनेलनी भार घेतल्यावर मगच वरून खाली एकेक वीट काढलीत, आणि कडेला तुटक्या विटांच्या जागी सबंध विटा बसवल्यात.

ते थांबलेले दिवस मला फार जड गेले, मामा. बाबा आत अडकलेले, आणि मी रोज फोन करून विचारायचे. एकदा तर आवाज चढवला. तुम्ही रागावला नाहीत, पण एक दिवसही कमी केला नाहीत. त्याबद्दल माफी मागते, आणि आभार सगळ्यात जास्त त्याचेच.

पहिल्याच दिवशी वरच्या जुन्या बारीक तड्यावर तुम्ही काचेची पट्टी सिमेंटनं चिकटवली होतीत, भिंत हलली तर आधी ती तडकेल म्हणून. रोज सकाळी चहाच्या आधी तुम्ही तिच्याकडे बघायचात. सगळा पावसाळा गेला, ती अजून शाबूत आहे. रंगाऱ्याला मी ती काढू दिली नाही. बाबा संध्याकाळी त्या दारातून बाहेर जाताना खुर्ची थांबवायला लावतात, मान वर करून तिच्याकडे बघतात, मग "चल" म्हणतात.

तुमची,
ताई