आई, तुला गाडी लागत नव्हती

कोल्हापूर,
1 नोव्हेंबर

ती. बाबा आणि ती. आईस,
साष्टांग नमस्कार, वि. वि.

पत्र बघून घाबरू नका, इकडे सगळं ठीक आहे. फोनवर बाबांना आता नीट ऐकू येत नाही, गगनबावड्याकडं रेंज येते-जाते आणि गाडीचा विषय निघाला की बाबा फोन आईच्या हातात देतात. म्हणून सगळं एकदा लिहूनच काढते. बाबा, चष्मा लावून सावकाश वाचा आणि आईला मोठ्यानं वाचून दाखवा. यातली मुख्य गोष्ट तिच्यासाठी आहे.

गेल्या महिन्यात तुम्ही म्हणालात, "त्या जुन्या डब्यावर अजून किती पैसे घालणार? विकून टाक आणि छोटी नवी घे." तुम्हाला माझी काळजी वाटते हे मला कळतं. पण एसटीच्या डेपोत तुम्ही लॉगशीट भरायचा तशी मीही या गाडीची वही ठेवली आहे, पहिल्या दिवसापासून. गाडी 72,000 ला घेतली. विमा आणि डिझेल सोडून अडीच वर्षांत 61,350 रुपये लागले. नव्या गाडीचा हप्ताच महिन्याला दहा-अकरा हजार बसतो, म्हणजे हे दोन्ही मिळून जेवढे होतात तेवढे एका वर्षातच गेले असते, आणि त्या गाडीत तुमचा वॉकर, आईची तांदळाची दोन पोती आणि फणस एकदम मावले नसते. ही टाटा इंडिगो मरीना मी घेतली ती तिच्या मोठ्या डिकीसाठी. इंडिगोलाच मागं लांब छप्पर देऊन टाटांनी ती 2004 मध्ये काढली. लोकांनी तिला फार डोक्यावर घेतलं नाही, म्हणून आज स्वस्तात मिळते. इंजिन मात्र इंडिकाच्याच घराण्यातलं, 1405 सीसी. इंडिकाच्या टॅक्सी इतकी वर्षं गावोगाव फिरल्या, त्यामुळे इंजिनाचा पार्ट मिळाला नाही असं अजून झालेलं नाही. पत्र्याचा, काचेचा, डिकीचा पार्ट मात्र मिळत नाही, आणि त्याचंच पुढं सांगायचं आहे.

कागदांचंही सांगते, कारण तुम्ही तेच आधी विचाराल. गाडी 2007 ची. पंधरा वर्षं झाल्यावर आधीच्या मालकांनीच 2022 मध्ये आरटीओत पासिंग करून पाच वर्षं वाढवून घेतली, ग्रीन टॅक्स भरला. पीयूसी मी दर सहा महिन्यांनी काढते. दिल्लीकडं दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदी घातल्याची बातमी तुम्ही वाचलीत, पण तो नियम तिकडचा आहे.

आता कामाचं. गाडी घेतल्यावर पहिला महिना मी तिला गावाबाहेर नेलीच नाही. इंजिनातले व्हॉल्व्ह पिस्टनच्या तालात उघडमीट करणारा टायमिंग बेल्ट कधी बदलला ते कुणालाच सांगता येईना, आणि डिझेलला बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात हे तुमच्याकडूनच ऐकत मोठी झाले. म्हणून बेल्ट, टेन्शनर आणि वॉटर पंप एकदमच बदलले. ते करताना मेस्त्रींनी थर्मोस्टॅटचं, म्हणजे इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडं जाणारं पाणी अडवून धरणाऱ्या झडपेचं, घर उघडलं तर आत काहीच नाही. कुणीतरी काढून टाकलेला. बाबा, तुम्ही म्हणाल आपल्याकडं काढतातच, गाडी गरम होत नाही. पण इंजिन थंडच चालत राहिलं तर डिझेल नीट जळत नाही, धूर वाढतो आणि ॲव्हरेज पडतं. मी नवा बसवला, रेडिएटर साफ करून घेतला, पाण्याऐवजी कूलंट भरलं. आता तापमानाचा काटा अर्ध्याच्या जरा खाली येऊन थांबतो आणि गगनबावड्यापर्यंत तिथून हलत नाही. या एका बाबतीत मी तुमचं ऐकलेलं नाही, रागावू नका.

त्यानंतर इंजिनात डिझेल फवारणारे नोझल. ते काम उद्यमनगरात मी स्वतः उभं राहून बघितलं आणि तुमची फार आठवण आली. चारही नोझल काढून एकेक टेस्टरवर लावला. पोरगा हाताचा दांडा खाली दाबायचा आणि नोझलच्या तोंडातून डिझेल बारीक धुक्यासारखं सुटायचं, बरोबर तो कुर्रकुर्र आवाज. तीन असे. चौथ्याला आवाजच नाही, टोकाला थेंब धरून राहिला आणि बोटावर पडला. गाडी सकाळी सुरू केल्यावर पहिली दोन मिनिटं लंगडायची ती त्या थेंबामुळं. नोझल बदलले, एक हीटर प्लग मेला होता तोही बदलला. तेव्हापासून थंडीतही पहिल्या चावीत सुरू होते. गावच्या रस्त्यावर लिटरला 18 देते, आधी 14 द्यायची. हे वहीत आहे, अंदाजानं सांगत नाही.

ब्रेकचं थोडक्यात लिहिते. पुढचे पॅड, मागचे लायनर, पाइप आणि ऑइल, सगळं नवं. करूळ घाट उतरताना दुसऱ्या गिअरला उतरते, तुमची शपथ.

दिव्याचं मात्र सांगायलाच हवं. ऊस सुरू झाला की रात्री त्या रस्त्यावर काय असतं ते तुम्हाला माहीत आहे. कुडित्र्याच्या आणि असळजच्या साखर कारखान्यांकडं जाणाऱ्या ट्रॅक्टरच्या दोन-दोन ट्रॉल्या, मागं ना दिवा ना रिफ्लेक्टर, आणि ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला. मागच्या वर्षी कळ्याच्या पुढं एक ट्रॉली मला अगदी जवळ गेल्यावर दिसली. दोन दिवस हात थरथरत होते. सगळे म्हणाले एलईडी टाक. मी टाकले नाहीत. जुन्या काचेत ते उजेड फेकतात समोरच्याच्या डोळ्यात, आणि ते नियमातही बसत नाही. 2019 मध्ये सुप्रीम कोर्टानंही सांगितलं आहे की कंपनीनं दिलेली मूळ रचना बदलता येत नाही. मग आधी मीटर लावून बघितलं. गाडी चालू असताना बॅटरीवर 13.8 व्होल्ट, आणि बल्बापाशी 11.9. एवढं व्होल्टेज जुन्या वायरीत आणि स्विचमध्येच जिरत होतं. बॅटरीपासून सरळ जाड वायर, मध्ये फ्यूज आणि दोन रिले टाकले, म्हणजे स्विच फक्त इशारा देतो आणि दिव्याचा करंट सरळ बॅटरीतून जातो. बल्ब तेच, कंपनीच्या मापाचे, 60/55 वॅटचे. सगळे मिळून 1,150 रुपये गेले आणि रस्ता पिवळटाचा पांढरा झाला. या गाडीवर केलेल्या सगळ्या कामांत मला याचं सगळ्यात जास्त समाधान आहे. डिझेलच्या पंपाचा स्क्रू फिरवून इंजिनाचा जोर वाढवून देतो म्हणणारे दोघे-तिघे भेटले, त्यांना नको म्हटलं. आहे तेवढा जोर पुरतो.

आता आई, तुझं.

तुला 2023 च्या मे महिन्यातलं ते लग्न आठवत असेल. याच गाडीतून कोल्हापूरला येताना तुला मागच्या सीटवर आडवं केलं होतं. साळवणच्या पुढं तुला मळमळायला लागलं, कळ्याला गाडी थांबवली, बालिंग्याला परत थांबवली. घरी पोचलीस तेव्हा तोंड पांढरं पडलं होतं. मी सारखी म्हणत होते, "आई, खिडकी उघडी ठेव, वारा लागू दे." आणि नंतर मीच सगळ्यांना सांगितलं की आईला आता गाडी लागते, वय झालं की होतं असं. तू त्यावर काहीच बोलली नाहीस. त्यानंतर तू कोल्हापूरला आली नाहीस. गुडघ्यामुळं एसटीची पायरी चढवत नाही आणि माझ्या गाडीत बसायला जीव घाबरतो, म्हणून अडीच वर्षं अंबाबाईचं दर्शन नाही.

या ऑगस्टमध्ये माझ्या मैत्रिणीला गाडी चालवायला दिली आणि पहिल्यांदाच मी मागं बसले. गगनबावड्याकडूनच येत होतो. मांडुकलीला रस्त्यावर पाणी होतं, तिथं तासभर थांबलो, पाणी ओसरल्यावर निघालो. उकडत होतं म्हणून पुढच्या काचा खाली केल्या. कळे यायच्या आत माझं डोकं धरलं आणि पोटात ढवळायला लागलं. आई, मला आयुष्यात कधी गाडी लागलेली नाही. आणि तुलाही नव्हती! बाबांच्या पासवर तू त्याच वळणांवरून किती वेळा गेलीस, मांडीवर मला घेऊन, कधी उलटी झाली नाही. हे मला तेव्हा कसं सुचलं नाही.

घरी आल्यावर डिकी उघडून टॉर्चच्या उजेडात बघितलं. डिकीच्या दाराला जे रबर असतं, त्याच्या आतल्या अंगाला, उजवीकडं खाली, काजळीची रेघ होती. बोट फिरवलं तर काळं झालं. बरोबर सायलेन्सरच्या तोंडाच्या वर. मग कागदाची पट्टी दारात धरून डिकी बंद केली आणि ओढून बघितली. वर, बाजूला, सगळीकडं पट्टी घट्ट बसत होती. त्या कोपऱ्यात अलगद निघून आली. रबर तिथं दबून चपटं झालं होतं.

बाबा, तुम्ही लगेच ओळखाल, पण आईला समजावं म्हणून लिहिते. अशी मागं उभी काच असलेली गाडी पळत असते तेव्हा तिच्या पाठीमागं हवेची पोकळी तयार होते, आणि धूळ-धूर तिकडं ओढला जातो. म्हणून मरीनाची मागची काच एवढी मळते. पुढच्या काचा उघडल्या की आतली हवा बाहेर खेचली जाते आणि तिची जागा भरायला मागच्या फटीतून धूर आत येतो. म्हणजे मी तुला वारा लागावा म्हणून काच उघडायला लावत होते आणि तुझ्या उशापाशी धूर ओढून घेत होते. वर तेव्हा तो गळका नोझल होता, धूरही आजच्यापेक्षा दाट. सायलेन्सर खाली घेतला तर त्याच्या जोडावर गंजून करंगळीएवढं भोकही निघालं.

तुझी माफी मागायची होती, आई. तुझ्या वयावर मी ढकललं आणि तू ते मान्य करून घरात बसलीस.

डिकीचं मूळ रबर मिळत नाही. दोन महिने शोधलं. शेवटी मीटरवर मिळणारं जाड बीडिंग आणलं, आत पोकळ असलेलं, आणि चार दुकानांत तुकडे लावून बघून त्यातल्या त्यात बसणारं घेतलं. कोपऱ्यावर ते वळत नव्हतं, म्हणून गरम पाण्यात बुडवून मऊ केलं आणि जोड वरच्या बाजूला घेतला, म्हणजे पावसाचं पाणी आत यायला नको. डिकीचं लॉकही दोन आट्यांनी आत घेतलं. सायलेन्सरचा मागचा भाग नवा टाकला, त्याचं तोंड बंपरच्या बाहेर येईल असं बसवलं. आता कागदाची पट्टी कुठूनही ओढली तरी फाटते, निघत नाही. काचा बंद, ब्लोअर चालू आणि हवा बाहेरची, अशी मी स्वतः मागच्या सीटवर पडून राधानगरीपर्यंत जाऊन आले. मैत्रीण चालवत होती. परत येताना मला झोप लागली.

तुझ्यासाठी मागच्या दाराच्या वर धरायची मूठ भक्कम करून घेतली आहे. बाबांसाठी पुढच्या सीटचा फोम लक्ष्मीपुरीतल्या कुशनवाल्याकडून बदलून घेतला, दोन इंच उंच आणि घट्ट. आधी त्या सीटवरून उठताना बाबा दाराला लोंबकळायचे, ते मला बघवायचं नाही.

मावळतीची किरणं अंबाबाईच्या मूर्तीवर पडतात तो किरणोत्सव 9, 10 आणि 11 नोव्हेंबरला आहे. मी 8 तारखेला सकाळी नऊपर्यंत पोचते. आवरून ठेवा. आई, रिकाम्या पोटी बसू नकोस, भाकरी-दूध खा. कपडे चार दिवसांचे घे, आणि तांदूळ यावेळी आणू नकोस, म्हणजे मागं पाय पसरून बसता येईल. मध्ये कुठंही जरा जरी वाटलं तर सांगायचं, गप्प बसायचं नाही. थांबू, चहा घेऊ, नाहीतर परत फिरू.

बाबा, तुमच्याकडं एक काम आहे. पंधरा दिवसांपासून इंजिनातून बारीक घरघर येते. फॅन बेल्ट काढून सुरू केली तेव्हा आवाज गेला, म्हणजे टायमिंगकडचं काही नाही. पण बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरचं बेअरिंग की स्टेअरिंगचा पंप, यावर मेस्त्रींचं आणि माझं जमत नाही. कपाटावरच्या पत्र्याच्या पेटीतला तुमचा लाकडी मुठीचा लांब स्क्रू-ड्रायव्हर बरोबर घ्या. टोक बेअरिंगपाशी टेकवून मूठ कानामागच्या हाडाला लावायची, मला तुम्हीच शिकवलंत. फोन ऐकू येत नसला तरी हे तुम्हाला ऐकू येईल असं मला वाटतं. बेअरिंग आणून ठेवलेलं नाही, तुम्ही सांगाल ते आणू.

तुमची लेक