एका निगेटिव्ह रिपोर्टवर पक्षी निरोगी ठरत नाही

संपादक महोदय,

नवा पोपट किंवा कबुतर घरी आणताना काही पक्षीपालक क्लॅमिडिया या जीवाणूची तपासणी करून घेतात. सवय चांगली आहे. पण एका दिवशी घेतलेला एक स्वॅब निगेटिव्ह आला की पक्षी लगेच बाकीच्यांच्या पिंजऱ्यात सोडला जातो, आणि घात होतो तो इथेच.

क्लॅमिडिया सिटासी हा जीवाणू पेशीच्या आत शिरूनच वाढतो, त्यामुळे प्रयोगशाळेत जीवाणू वाढवण्याच्या नेहमीच्या ताटलीवर (कल्चर प्लेटवर) तो उगवतच नाही. शिवाय बाधित पक्षी तो रोज बाहेर टाकत नाही. काही दिवस विष्ठेतून टाकतो, मग थांबतो. प्रवास, गर्दी, थंडी किंवा पिल्ले वाढवण्याचा ताण आला की पुन्हा सुरू होतो. असा पक्षी महिनोन् महिने खात-पीत, बोलत राहतो. आजार उघड झाला तर तो पिसे फुगवून बसतो, डोळ्यांच्या कडा चिकट होतात, नाक वाहते आणि विष्ठेतला एरवी पांढरा असणारा भाग पोपटी-हिरवा दिसू लागतो. मात्र या लक्षणांवरून आजार पक्का ठरत नाही. इतर कारणांनीही ती दिसतात.

म्हणून यंत्रापेक्षा नमुना महत्त्वाचा. जिवंत पक्ष्यात पीसीआरसाठी (जीवाणूचा जनुकीय अंश शोधणाऱ्या चाचणीसाठी) डोळ्याच्या पापणीची आतली बाजू, तोंडात टाळूला असलेली फट आणि विष्ठाद्वार अशा तिन्ही जागांचे नमुने घ्यावेत. फक्त विष्ठाद्वाराचा स्वॅब घेतला तर श्वसनमार्गापुरता असलेला संसर्ग निसटतो. स्वॅब हलका दाबून फिरवावा, कारण जीवाणू पेशींत असतो; नुसता चिकट स्राव टिपून भागत नाही. विष्ठाच पाठवायची असेल तर सलग ३ ते ५ दिवसांची गोळा करावी. काडी प्लास्टिकची आणि टोक पॉलिस्टरचे हवे. लाकडी काडीतले घटक चाचणीत अडथळा आणू शकतात. जीवाणू जिवंत वाढवून पाहायचा असेल तर नमुना ज्या द्रवात पाठवतात त्यात पेनिसिलिन, टेट्रासायक्लिन किंवा क्लोरॅम्फेनिकॉल नसावे. ही औषधे क्लॅमिडियालाच रोखतात. नमुना ४ अंश सेल्सिअसला ठेवून शक्य तितक्या लवकर पोहोचवावा.

सगळ्यात जास्त फसवणूक औषधामुळे होते. पक्षी मलूल दिसला की कोणीतरी पाण्यात डॉक्सीसायक्लिन हे या आजारावरचे अँटिबायोटिक टाकते आणि त्यानंतर स्वॅब घेते. तो निगेटिव्ह येण्याचीच शक्यता जास्त. नमुना औषधापूर्वी घ्यावा. उपचार पूर्ण झाल्यावर फेरतपासणी करायची तर किमान दोन आठवडे थांबून करावी. उपचार साधारणतः ४५ दिवसांचा असतो. औषध खाद्यातून दिले जात असेल तर त्या काळात समुद्रफेस आणि खनिजांच्या वड्या पिंजऱ्यातून काढाव्यात, कारण कॅल्शियम औषधाला बांधून ठेवते आणि रक्तात पुरेसे पोहोचू देत नाही. पक्षी बरा दिसतो म्हणून विसाव्या दिवशी औषध बंद करणाऱ्यांकडे संसर्ग उलटण्याची भीती राहते.

रक्तातील प्रतिपिंडांची (संसर्गाविरुद्ध शरीराने तयार केलेल्या प्रथिनांची) चाचणी पॉझिटिव्ह आली तर संसर्ग कधीतरी झाला होता एवढेच कळते. आज आहे की नाही, ते त्यावरून सांगता येत नाही. पक्षी मेला तर घरी चिरू नये. पिसे साबणाच्या पाण्याने भिजवावीत म्हणजे धूळ उडत नाही. दोन पिशव्यांत बंद करून, फ्रीझरमध्ये न ठेवता, बर्फासोबत पशुवैद्यकाकडे न्यावे. यकृत, प्लीहा आणि हवापिशव्यांचे नमुने निदानाला सर्वाधिक उपयोगी पडतात.

नवा पक्षी किमान ३० दिवस वेगळ्या खोलीत ठेवावा. निगेटिव्ह रिपोर्ट हातात असला तरीही. त्याचे खाद्य-पाणी आणि सफाई सगळ्यात शेवटी करावी.

माणसाला हा संसर्ग मुख्यतः वाळलेल्या विष्ठेची, पिसांची आणि स्रावांची धूळ श्वासात गेल्याने होतो. त्यामुळे पिंजरा कोरडा झाडणे किंवा व्हॅक्यूम क्लीनर लावणे हीच सर्वात धोक्याची वेळ. आधी पक्षी बाहेर काढावेत, तळ पाण्याने भिजवावा, घाण उचलावी आणि मगच घरगुती ब्लीच १ भागास ३१ भाग पाणी घालून लावावे. घाण तशीच राहिली तर ब्लीच तिच्यातच खर्च होते. मास्क एन-९५ हवा. साधा सर्जिकल मास्क पुरत नाही.

संपर्कानंतर साधारण ५ ते १४ दिवसांत थंडी वाजून ताप, जोराची डोकेदुखी, अंगदुखी आणि कोरडा खोकला सुरू होतो. तापाच्या मानाने नाडी संथ असू शकते. एक्स-रेवर न्यूमोनिया दिसतो आणि पेनिसिलिन गटातील औषध सुरू होते. ते या आजारावर पुरेसे ठरत नाही. डॉक्सीसायक्लिनने मात्र ताप बहुधा एक-दोन दिवसांत उतरू लागतो. अँटिबायोटिक्सपूर्वीच्या काळात दर १०० रुग्णांमागे सुमारे १५ ते २० जण दगावत. आज वेळेवर उपचार झाल्यास मृत्यू क्वचितच होतो. तरीही मार्च २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने युरोपातील ५ देशांतल्या रुग्णवाढीची माहिती दिली, तेव्हा त्यात ५ मृत्यू होते.

लैंगिक संबंधांतून पसरणारा क्लॅमिडिया ही वेगळी प्रजाती आहे. नाव ऐकून रुग्णाने संकोचू नये.

डॉक्टरांना आमची कळकळीची विनंती: न्यूमोनियाच्या रुग्णाला पक्ष्यांविषयी विचाराच. घरात, शेजारी, कामावर, आणि मेलेला पक्षी हाताळला होता का, हेही विचारा. थुंकी किंवा घशाचा स्वॅब शक्यतो औषधापूर्वी घ्या आणि प्रयोगशाळेच्या अर्जावर ‘पक्ष्यांशी संपर्क’ असे स्पष्ट लिहा. न्यूमोनियाच्या अनेक नेहमीच्या चाचणीसंचांत हा जीवाणू नसतो. तो वेगळा मागावा लागतो. रक्ततपासणी करायची तर पहिला नमुना आजारात आणि दुसरा दोन ते चार आठवड्यांनी घ्यावा. दोन्ही एकाच प्रयोगशाळेत एकत्र तपासून प्रतिपिंडे चौपट वाढली का, ते पाहावे. निदान झाले की त्याच दिवशी पशुवैद्यकाला कळवा, म्हणजे घरातल्या पक्ष्यांचे नमुने औषध सुरू होण्याआधी घेता येतील.

आपले,
पक्षीरोग निदानाचे काम करणारे पशुवैद्यक व सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ