बोरॉन उत्प्रेरकातले पाणी आधी मोजा

महोदय,

धातूविना चालणाऱ्या उत्प्रेरकांवरच्या लेखांत ट्रिस(पेंटाफ्लुओरोफेनिल)बोरेन या बोरॉनच्या संयुगाचे (पुढे नुसते ‘बोरेन’) कौतुक असते, ते रास्तच आहे. 1963 साली तयार झालेल्या या ल्युईस आम्लाने (इलेक्ट्रॉनांची जोडी स्वीकारणाऱ्या संयुगाने) 1996 मध्ये सिलेनच्या (सिलिकॉन-हायड्रोजन बंध असलेल्या संयुगाच्या) साह्याने कार्बोनिल संयुगांचे क्षपण घडवले. 2007 मध्ये ट्राय-टर्ट-ब्युटिलफॉस्फीन या फॉस्फरसच्या संयुगाच्या जोडीने हायड्रोजनचा रेणू फोडला. मात्र ते हाताळताना पाणी किती नडते, हे क्वचितच छापून येते.

1 मिलिमोल पदार्थाला 5 मोल टक्के (पदार्थाच्या शंभर रेणूंमागे पाच), म्हणजे 25.6 मिलिग्रॅम बोरेन लागते. ते सगळे अडवायला 0.9 मिलिग्रॅम पाणी पुरते, आणि 200 पीपीएम (दशलक्ष भागांत 200 भाग) पाणी असलेल्या 5 मिलिलिटर टोल्युइनमध्ये जवळपास तेवढे असतेच! पाणी बोरॉनला जोडले गेले की त्यातला प्रोटॉन (हायड्रोजन आयन) सैल होतो. ॲसिटोनायट्राइलमध्ये हे संयुग हायड्रोजन क्लोराइडच्या तोडीचे आम्ल ठरते. सिलेन असेल तर ते थोडे पाणी खाऊन टाकते (हायड्रोजन सुटतो, म्हणून भांडे घट्ट बंद नको). सिलेन नसेल तेव्हा अल्कीन किंवा अल्कोहोलवरचे काम प्रोटॉनच करून जातो आणि श्रेय बोरॉनला मिळते.

बाटलीतले बोरेन ओलसर असेल तर ते थेट तापवू नये. पाणी जोडलेले बोरेन तापल्यावर पेंटाफ्लुओरोबेन्झीन सुटते आणि बोरिनिक आम्ल उरते. आधी नायट्रोजनखाली जादा क्लोरोडायमिथिलसिलेनमध्ये ढवळावे, बुडबुडे थांबले की सिलेन निर्वातात काढावे, मगच संप्लवन (घनाची थेट वाफ करून शुद्धीकरण) करावे. द्रावकासाठी 3 अँगस्ट्रॉमचे मॉलिक्युलर सिव्ह (पाणी शोषणारे सच्छिद्र दाणे) 300 अंश सेल्सिअसला निर्वातात रात्रभर तापवून वापरावेत. पावसाळ्यात उघड्यावर निवत ठेवले तर ती मेहनत वाया जाते. ईथर टाळावे, ते स्वतःच बोरॉनला धरून बसते. शुद्धता फ्लुओरिन एनएमआरमध्ये (चुंबकीय क्षेत्रात फ्लुओरिन अणूंचे संकेत टिपणाऱ्या चाचणीत) कळते: बेन्झीन-डी6 मध्ये कोरड्या बोरेनचे मेटा आणि पॅरा (कड्यावरच्या दोन स्थानांचे) संकेत सुमारे 18 पीपीएम (इथे हे संकेतांच्या जागेचे माप) अंतरावर असतात, पाणी जोडले गेले की ते बरेच जवळ येतात.

आमच्या मते सर्वांत मोलाचा पडताळा 2,6-डाय-टर्ट-ब्युटिलपिरिडीन या आम्लारीचा. ते प्रोटॉन पकडते, पण अवजड असल्याने बोरॉनपर्यंत पोहोचत नाही. बोरेनपेक्षा थोडे जास्त घातल्यावर अभिक्रिया थांबली, तर संशय प्रोटॉनवर घ्यावा. अशा शोधाची बातमी देताना हा पडताळा घेतला होता का, एवढे आपल्या प्रतिनिधींनी संशोधकांना जरूर विचारावे.

— रसायनशास्त्राचे दोन अध्यापक, पुणे