छोट्या मोटारींना पुढची रांग मिळावी

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

ओहायोतील जुन्या मोटारींच्या प्रदर्शनात 1951 ची क्रॉस्ली ही छोटी मोटार लांबलचक, क्रोमने मढवलेल्या गाड्यांमागे कुंपणालगत उभी केलेली पाहून मनापासून वाईट वाटले. समोरच्या जाळीवर विमानाच्या पंख्यासारखे पाते मिरवणाऱ्या, रेडिओनिर्माते पॉवेल क्रॉस्ली यांच्या या स्वस्त मोटारीचे चार सिलिंडरांचे इंजिन सुमारे 720 सीसीचे, म्हणजे आपल्या मारुती 800 पेक्षाही लहान आहे. तिच्या मालकाने बॉनेट उघडून ते किती कौतुकाने दाखवले! पेनसिल्व्हेनियातील बँटम या अशाच छोट्या मोटारींच्या कारखान्याने 1940 मध्ये लष्करासाठी पहिली जीप घडवली आणि त्याच घराण्यातली विलीज जीप पुढे मुंबईत महिंद्रांनी जोडली. आयोजकांनी या गाड्यांना दर्शनी जागा व माहितीफलक द्यावेत.

आपला नम्र,
एक मराठी वाचक, ओहायो