डिडनं तिकीट काढलं

सातारा,
3 ऑगस्ट

तीर्थस्वरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

फोनवर बाबांना निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं आई स्वतःच्या मनानं सांगते, म्हणून हे पत्र. आई, तूच वाचून दाखव, पण मधलं गाळू नकोस.

बी.एड.ची आंतरवासिता सुरू झाली. पोवई नाक्यापासून चालत जाण्याजोगी शाळा मिळालीय, आठवीचा वर्ग. पाऊस उघडला तर खिडकीतून अजिंक्यतारा दिसतो. चौतिसाव्या वर्षी पाठ टाचण हातात घेऊन उभं राहायचं आणि मागच्या बाकावर निरीक्षक. पुन्हा एकदा कुणी बघायला आलंय असंच वाटतं.

पहिला पाठ साध्या भूतकाळाचा. नकारार्थी वाक्यं करायला दिली, तर बेचाळीस वह्यांपैकी निम्म्याहून जास्त वह्यांत 'ही डिड नॉट वेंट'. मी लाल पेनानं 'वेंट' कापत सुटले. एक पोरगा वही घेऊन पुढं आला. "मॅडम, मराठीत 'गेला'चं 'गेला नाही' होतं. 'गेला' कुठं बदलतो? मग इंग्रजीतच का?" मी म्हटलं, "नियम आहे तसा." तो गप जागेवर गेला. हे काही उत्तर नव्हे, हे त्यालाही कळलं आणि मलाही.

रात्री वह्या पुन्हा काढल्या. पोरगं बरोबर होतं की! आपण 'गेला नाही', 'गेला का?' म्हणतो, भूतकाळ क्रियापदालाच चिकटून राहतो. इंग्रजीत तो उठून 'डिड'कडे जातो आणि क्रियापद पुन्हा कोरं. म्हणजे ही चूक आळसाची नाही, मराठी पक्की असल्याची आहे. हीच पोरं आंबा खाल्ला, कैरी खाल्ली, पेरू खाल्ले असं बिनचूक बोलतात, ते त्यांना कुणी शिकवलंय?

बाबा, तेव्हा तुम्ही आठवलात. याच वाक्यापायी गुरुजींनी तुमच्या हातावर छडी ओढली होती, आणि मॅट्रिकचं इंग्रजी दोनदा राहून तिसऱ्यांदा ऑक्टोबरात सुटलं. तुम्ही ते हसत सांगायचात, आम्हीही हसायचो. आता कुणी हसलं तर मी भांडेन. या पोरांना पहिलीपासून इंग्रजी आहे. 2000 साली ते सुरू झालं तेव्हा मी चौथीत, म्हणून मला एबीसीडी पाचवीतच भेटली. चूक मात्र सगळ्यांची तीच.

दुसऱ्या दिवशी टाचण बाजूला ठेवलं आणि फळ्यावर एसटी काढली. (पोरं म्हणाली, रेडा आहे.) 'डिड' आणि 'गो' दोघं गाडीत चढले. भूतकाळाचं तिकीट एकच, ते 'डिड'नं काढलं. मग 'गो'नं पुन्हा कशाला काढायचं? 'डिड' नसला, की 'गो'ला स्वतःच पैसे मोडावे लागतात आणि त्याचा 'वेंट' होतो. वर्ग जरा वेळ शांत. मग खिडकीजवळची एक मुलगी उठली, "मॅडम, म्हणजे 'डज ही गो'मधे 'एस'चं तिकीट 'डज'नं काढलं!" तो भाग मी पुढच्या आठवड्यात घेणार होते.

निरीक्षकांचा शेरा: मातृभाषेचा वापर टाळावा. मी वर्गात इंग्रजी कमी बोलते, हे त्यांचं खरं आहे, ते वाढवीन. पण पोरं जिथं अडतात तिथं मराठीच उभी असते, तिला दाराबाहेर कशी काढू?

सगळं सुधारलं असं नाही हं. कालच्या वह्यांतही 'डिड नॉट वेंट' निघालेच, फक्त आता शेजारचा ओरडतो, "दोन तिकिटं!" 'अ', 'अॅन', 'द' अजून बाकी आहेत. मराठीत त्यांना बाकच नाही, कुठं बसवायचे ते बघते.

बाबा, तुमचा तिकिटाला भोक पाडायचा चिमटा ट्रंकेत असेल. दादा पुढच्या आठवड्यात इकडं येतोय, त्याच्याजवळ द्या. पोरांना ती टिकटिक ऐकवायचीय. आई, शेंगदाण्याची चटणी देणार असशील तर डबा वेगळ्या पिशवीत ठेव. मागच्या वेळी टाचणवहीला तेल लागलं होतं.

तुमची,
वैशू