अपोस्टिल हुकूमनाम्यावर नाही, झेरॉक्सवर आहे : तक्रार पत्र

दिनांक : १६ जून २०२५

प्रति,
मा. व्यवस्थापक,
कागदपत्र साक्षांकन व अपोस्टिल सेवा,
पुणे कार्यालय

विषय : घटस्फोटाच्या हुकूमनाम्याचे अपोस्टिल चुकीच्या प्रतीवर करून दिल्याबद्दल, तसेच न्यायालयाची प्रमाणित प्रत खराब केल्याबद्दल तक्रार व शुल्क परतीची मागणी.

महोदय,

दि. १७ फेब्रुवारी २०२५ रोजी मी माझ्या मुलीची दोन कागदपत्रे अपोस्टिलसाठी, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून परराष्ट्र मंत्रालय त्यावर देते त्या प्रमाणपत्रासाठी, आपल्या कार्यालयात दिली. एक पुणे महानगरपालिकेचा जन्मदाखला आणि दुसरी शिवाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयातून काढलेली घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत. मुलगी नोकरीनिमित्त डब्लिनला आहे. तिचे दुसरे लग्न तिथेच नोंदणी पद्धतीने १८ जुलैला ठरले होते. आयर्लंडमध्ये लग्नाच्या किमान तीन महिने आधी नोंदणी अधिकाऱ्याला सूचना द्यावी लागते आणि आधी घटस्फोट झाला असेल तर त्याचा अंतिम हुकूमनामा न्यायालयाच्या शिक्क्यासह मूळ स्वरूपात दाखवावा लागतो. हे मी पहिल्याच दिवशी आपल्या काउंटरवर सांगितले होते. १० एप्रिलची तिची भेटीची वेळ कागदावर लिहूनही दिली होती. "काकू, काळजी करू नका, आमचे रोजचे काम आहे," असे मला सांगण्यात आले. बारा कामाच्या दिवसांचा वायदा होता. कागद हातात पडले २१ मार्चला. उशिराबद्दल मला काही म्हणायचे नाही. जन्मदाखल्याचे काम नीट झाले, तेही मी मान्य करते, आणि त्याचे ३,५०० रुपये मी परत मागत नाही.

तक्रार हुकूमनाम्याची आहे.

१० एप्रिलला मुलगी डब्लिनच्या कार्यालयात गेली. तिथल्या बाईंनी अपोस्टिलचे कागद हातात घेतले, पान उलटले आणि विचारले, "यावर कोर्टाची सही कुठे आहे?" मुलीने संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर ते पान कॅमेऱ्यासमोर धरले. मी बँकेत एकतीस वर्षे काढली आहेत, सही आणि शिक्का बघण्यातच माझी नोकरी गेली. ते पान बघून माझ्या पोटात धस्स झाले. परराष्ट्र मंत्रालयाचे अपोस्टिल होते, खरे होते, क्रमांकही होता. पण ते आमच्या प्रमाणित प्रतीवर नव्हतेच. प्रमाणित प्रतीची झेरॉक्स काढून तिच्यावर दिल्लीच्या एका नोटरीचा लाल शिक्का मारला होता. तिच्या पाठीवर दिल्लीच्याच उपविभागीय दंडाधिकारी कार्यालयाचा शिक्का होता, आणि त्यात स्पष्ट लिहिले होते की खातरजमा फक्त नोटरीच्या सहीची केली आहे. त्यावर अपोस्टिल.

आपण हे काम रोज करता, म्हणून आपल्याला हे सांगावे लागते याचेच वाईट वाटते. ५ ऑक्टोबर १९६१ च्या हेग करारानुसार अपोस्टिल तीनच गोष्टी सांगते. कागदावरची सही खरी आहे, सही करणाऱ्याने ती कोणत्या पदावरून केली, आणि शिक्का कोणाचा आहे. कागदात काय लिहिले आहे ते खरे की खोटे, याची हमी अपोस्टिल देत नाही. म्हणजे सगळी भिस्त अपोस्टिलखाली कोणाची सही आहे यावर. आमच्या कागदाखाली न्यायालय नव्हते. अपोस्टिलने दंडाधिकाऱ्यांची सही खरी ठरवली, दंडाधिकाऱ्यांनी नोटरीची, आणि नोटरीने एका झेरॉक्सची. या सगळ्या साखळीत पुण्याच्या न्यायालयाचा शिक्का एकाही अधिकाऱ्याने तपासलेला नाही. डब्लिनच्या बाईंना हे एका मिनिटात कळले. आपल्याकडे महिनाभर कागद होता.

पावतीवर "महाराष्ट्र शासन साक्षांकन : ३,००० रुपये" असे लिहिले आहे. त्या कागदावर महाराष्ट्र शासनाचा एकही शिक्का नाही. मग हे तीन हजार कशाचे घेतले, ते मला लेखी कळवावे.

आता प्रमाणित प्रतीविषयी. हे लिहिताना मला राग आवरत नाही. न्यायालयाची नक्कल, म्हणजे हीच प्रमाणित प्रत, मिळते तेव्हा तिची पाने एकत्र बांधलेली असतात. शेवटच्या पानाच्या मागे नक्कलेचा अर्ज कधी केला, नक्कल तयार कधी झाली आणि दिली कधी, या तारखा असतात, सही असते, आणि पानांच्या जोडावर गोल शिक्का असा मारलेला असतो की अर्धा या पानावर, अर्धा पुढच्यावर. कोणी मधले पान बदलू नये म्हणून ती सोय. आपण परत दिलेल्या प्रतीत डावीकडच्या वरच्या कोपऱ्यात स्टेपलच्या जुन्या दोन भोकांशेजारी नवी दोन भोके आहेत, आणि चौथ्या व पाचव्या पानावरचे शिक्क्याचे अर्धे भाग एकमेकांशी जुळत नाहीत. एकावर एक ठेवले की दोन-तीन मिलिमीटर सरकलेले दिसतात. झेरॉक्स सोयीची व्हावी म्हणून कोणीतरी पिना काढून पाने सुटी केली आणि पुन्हा टोचली. मुलीने शेवटचा उपाय म्हणून ती प्रत पुढे केली, तर "ही प्रत उघडलेली आहे" असे सांगून तीही बाजूला ठेवण्यात आली. म्हणजे जो एक खरा कागद होता तोही आपण हातचा घालवला.

हा कागद माझ्या मुलीसाठी काय आहे, तेही आपल्याला ठाऊक असावे. २०२१ मध्ये परस्पर संमतीने अर्ज केला, हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ ब खाली. पहिल्या तारखेनंतर सहा महिने थांबलो. त्या काळात शिवाजीनगरच्या त्या इमारतीत किती वेळा जाऊन बसलो, याचा हिशेब मी ठेवला नाही. समुपदेशकांपुढे, वकिलांपुढे तेच तेच पुन्हा सांगायचे. मार्च २०२२ मध्ये हुकूमनामा झाला, त्या दिवशी ती घरी येऊन फक्त झोपली, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत. त्या हुकूमनाम्याला संमतीच्या अटी जोडलेल्या आहेत. कोणी काय परत केले, कोणी काय सोडून दिले, सगळे त्यात आहे. घरातल्या चार माणसांपलीकडे ते कोणी वाचलेले नाही.

म्हणूनच पुढची गोष्ट मला सगळ्यात जास्त लागली. ६ मार्चला माझ्या व्हॉट्सअपवर एका अनोळखी दिल्लीच्या क्रमांकावरून त्या हुकूमनाम्याची पूर्ण स्कॅन प्रत आली, अटींसह, आणि खाली एकच वाक्य : "पेज सेव्हन क्लिअर नहीं है, दोबारा भेजिए." मी आपल्या कार्यालयात विचारले तर उत्तर मिळाले की तो आमचा दिल्लीचा माणूस आहे. तो माणूस कोण, त्याला आमचे कागद कोणत्या अधिकारात मिळाले, त्याने ते आणखी किती जणांना पाठवले? मुळात कागद दिल्लीला का गेले? परराष्ट्र मंत्रालयाचे अपोस्टिल २०१९ पासून मुंबईतही होते. २०१२ पासून मंत्रालय नागरिकांकडून थेट कागद घेत नाही, नेमून दिलेल्या संस्थांमार्फतच घेते, हे मला मान्य आहे. पण त्या संस्था मुंबईत आहेत. दिल्लीच्या नोटरीचा रस्ता आपण आपल्या सोयीसाठी निवडला, आणि मला त्याची कल्पनाही दिली नाही.

पावतीवरच्या आणखी दोन रकमा पाहाव्यात. भाषांतराचे २,४०० रुपये. आमचा हुकूमनामा इंग्रजीतच आहे, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत, आणि भाषांतराचा एकही कागद मला मिळालेला नाही. दुसरी, "अपील नसल्याचे प्रतिज्ञापत्र : १,८०० रुपये". आमच्या वकिलांनी सांगितले की कौटुंबिक न्यायालय कायदा, १९८४ च्या कलम १९(२) प्रमाणे दोघांच्या संमतीने झालेल्या हुकूमनाम्याविरुद्ध अपीलच चालत नाही. डब्लिनच्या कार्यालयानेही ते मागितले नव्हते. हे प्रतिज्ञापत्र आपल्याच माणसाने "लागतेच" म्हणून करून घेतले. घाबरलेल्या माणसाकडून असे पैसे काढणे बरोबर नाही.

पुढचे सगळे मी स्वतः केले. १६ एप्रिलला नव्या नक्कलेचा अर्ज दिला, २८ ला नक्कल मिळाली. ३० एप्रिलला सकाळी डेक्कन क्वीनने मुंबई गाठली आणि महाराष्ट्र शासनाच्या मंत्रालयात राज्य साक्षांकनासाठी कागद दिले. १ मेची महाराष्ट्र दिनाची सुट्टी आणि शनिवार-रविवार गेल्यावर ५ मेला ते हातात आले. तिथून नेमलेल्या संस्थेकडे, आणि ९ मेला अपोस्टिल मिळाले, थेट न्यायालयाच्या प्रमाणित प्रतीवर. परराष्ट्र मंत्रालयाचे शुल्क एका कागदाला ५० रुपये, त्यावर संस्थेचे किरकोळ सेवाशुल्क. नक्कलेपासून अपोस्टिलपर्यंत अकरा दिवस गेले, आणि मी एकसष्ट वर्षांची बाई हे एकटीने करू शकले. आपण याच कामाचे ९,५०० रुपये घेतले होते.

४ जूनला डब्लिनच्या कार्यालयाने हे कागद स्वीकारले, एकही प्रश्न न विचारता. पण तीन महिन्यांचा काळ पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. १८ जुलैची तारीख हातची गेली. त्यांनी दिलेली सर्वांत जवळची तारीख १२ सप्टेंबर, म्हणजे ऐन पितृपंधरवडा. आम्ही मुहूर्ताचे कडवे नाही, चातुर्मासात लग्न करायला आमची हरकत नव्हतीच. पण माझ्या सासूबाई शहाऐंशी वर्षांच्या आहेत. नातीचे हे दुसरे लग्न त्यांनी मनापासून स्वीकारले आहे, आणि पक्षात ते नको एवढेच त्यांनी मागितले. तो शब्द मोडायचा नाही असे आम्ही ठरवले. आता ३ ऑक्टोबर ठरली आहे, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी. आमच्या दोघांच्या जुलैच्या तिकिटांच्या बदलाचे २३,६०० रुपये भरले, त्याची पावती सोबत आहे.

११ एप्रिलपासून मी आपल्याला पाच वेळा फोन केले आणि दोन ईमेल पाठवले. एका ईमेलला उत्तर आले : "अपोस्टिल झालेले आहे, आमचे काम पूर्ण झाले आहे." याच उत्तरामुळे हे पत्र लिहिते आहे. अपोस्टिल झाले हे खरे आहे. ते ज्या कागदावर व्हायला हवे होते त्यावर झाले नाही, आणि काय हवे आहे हे मी पहिल्या दिवशी सांगितले होते. याला ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये सेवेतील त्रुटी म्हणतात.

हुकूमनाम्यासाठी घेतलेले एकूण १७,४०० रुपये, म्हणजे अपोस्टिल, राज्य साक्षांकन, भाषांतर, प्रतिज्ञापत्र आणि कुरिअरची रक्कम, आणि तिकीट बदलाचे २३,६०० रुपये पंधरा दिवसांत माझ्या खात्यात जमा करावेत. आमचे कागद पुण्याहून निघाल्यापासून कोणाकोणाच्या हातात गेले, ते लेखी कळवावे. हुकूमनाम्याच्या सर्व स्कॅन प्रती आपल्या आणि त्या दिल्लीच्या माणसाच्या फोन-संगणकावरून काढून टाकल्याचे पत्र द्यावे. या एका मागणीत मी एक रुपयाचीही तडजोड करणार नाही, कारण तिची किंमत रुपयांत नाही. आणि आपल्या काउंटरवरच्या मुलांना न्यायालयाच्या नक्कलेची पिन काढू नये एवढे तरी शिकवावे. तो मुलगा वागायला चांगला होता. त्याला कोणी सांगितलेच नसावे असे मला वाटते.

पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ या क्रमांकावर, नोंद करून पुणे जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे तक्रार दाखल करीन. माझ्या रकमेच्या तक्रारीला तिथे शुल्क लागत नाही आणि दोन वर्षांची मुदत आहे, त्यामुळे मला घाई नाही. मंत्रालयाच्या फेरीत भेटलेल्या आणखी एका बाईंचा कागदही असाच दिल्लीच्या नोटरीवरून फिरून आला होता, कोणत्या संस्थेकडून ते मी विचारले नाही. त्यांच्या मुलाच्या नोकरीचा प्रश्न होता. त्यांना मी माझ्या नक्कलेचा जोडावरचा शिक्का दाखवला आणि कोणत्या खिडकीवर जायचे ते सांगितले.

सोबत : आपली पावती, नोटरी झेरॉक्सवरील अपोस्टिलची रंगीत प्रत, प्रमाणित प्रतीच्या चौथ्या व पाचव्या पानाची छायाचित्रे, व्हॉट्सअप संदेशाचे छायाचित्र, आपला ईमेल, नवीन अपोस्टिलची प्रत आणि तिकीट बदलाची पावती. मूळ प्रमाणित प्रत मी माझ्याकडे ठेवली आहे. पाहायची असल्यास माझ्या घरी येऊन, माझ्यासमोर पाहावी.

आपली,
तक्रारदार ग्राहक
सहकारनगर, पुणे